ब्रेक थंडा आहे

गाडी कोसमटोली हॉल्टवर थांबली, तसा टेकचंद लांजेवार फलाटाच्या पलीकडच्या अंगाला खडीवर उकिडवा बसला. पाना-हातोड्याची पिशवी खाली ठेवली, मफलर नाकाखाली ओढला आणि उजवा हात चाकाजवळ नेऊन ब्रेकच्या ठोकळ्याला पालथी बोटं टेकवली.

"ओ बाबा, हात जाईन ना!" वरच्या खिडकीतून एक प्रवासी ओरडला.

"हात माहा आहे," टेकचंद वर न बघता म्हणाला.

ठोकळा थंड होता. कोमटसुद्धा नव्हता. डिसेंबरच्या सकाळी सात वाजता उघड्यावरचं लोखंड जसं असतं, तसा. टेकचंदने नाक पुढे करून वासही घेऊन पाहिला. जळक्या लोखंडाचा वास नव्हता, धूर नव्हता. काल नव्हता, परवा नव्हता, आजही नव्हता. सत्तरच्या वेगाने आलेली बारा डब्यांची गाडी जागच्या जागी उभी आणि तिचा ब्रेक थंडा.

भोंगा वाजला. टेकचंद पिशवी उचलून चार पावलं मागे सरला. गाडी हलली तेही कळलं नाही. जुनी लोकल निघताना डब्याला डबा हिसका देत, कुरकुर करत निघायची. ही नुसती सरकली. स्टीलचे चकचकीत डबे एकामागून एक पुढे गेले. टेकचंदने हिरवी झेंडी उंच धरली. शेवटचा डबा समोरून गेला, मागच्या केबिनची काळी काच गेली. काचेत त्याला स्वतःचीच झेंडी दिसली, बाकी काही नाही.

"अंदर माणूस आहे का नाही, देव जाणे," तो म्हणाला आणि झेंडी गुंडाळून रुळांत उतरला.

टेकचंद रेल्वेत चावीवाला होता. चावी म्हणजे कुलपाची नव्हे. रुळाला खालच्या स्लीपरवर घट्ट धरून ठेवणारा जो लोखंडी चाप असतो, त्याला चावी म्हणतात. रोज सकाळी सहा किलोमीटर रुळांतून चालायचं, सैल झालेली चावी हातोड्याने ठोकून बसवायची, आणि वाटेत गाडी आली तर बाजूला उभं राहून ती नजरेखालून घालायची. खाली काही लटकतंय का, धूर निघतोय का, वास येतोय का. सगळं ठीक असलं तर हिरवी झेंडी दाखवायची. मागच्या डब्यातला गार्डही झेंडी हलवून पोच देतो. याला 'ऑल राइट' म्हणतात. चौतीस वर्षं टेकचंदने अशी ऑल राइट दिली आणि घेतली होती. कित्येक गार्डांची नावं त्याला ठाऊक नव्हती, पण हात ठाऊक होते. एक जण माशा हाकलल्यासारखी झेंडी हलवायचा, एक जण डाव्या हाताने दाखवायचा, आणि एक जण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी न चुकता दोनदा दाखवायचा. त्याचं कारण काय, हे टेकचंदला शेवटपर्यंत कळलं नाही.

दिवाळीनंतर या मार्गावर नवी मेमू, विजेवरची लोकल, आली. गार्ड आता बंद काचेआड बसायचा. काचेआडून तो झेंडी दाखवतही असेल. बाहेर काही दिसत नव्हतं. आणि जे दिसत नाही ते आहे असं मानायला टेकचंद लांजेवार कधीच शिकला नव्हता.

माणूस दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितो म्हणतात. टेकचंदचं तोंड कधी दुधाने पोळलं नव्हतं, तरी तो ताक फुंकून प्यायचा. लग्नाच्या पंगतीत बसला की आधी पाणी कुठल्या विहिरीचं ते विचारायचा. गॅसचा नॉब तीनदा, दाराची कडी तीनदा, कुलूप तीनदा ओढून बघायचा. एकुलत्या मुलीची, रुपाची सोयरीक जुळली तेव्हा मुलाला शेत दाखवायच्या निमित्ताने दीड कोस पायी नेलं आणि स्वतः मागून चालला. मुलगा लंगडत नाही हे पटलं. परत येताना ओढ्यात पाय धुवायला लावून बोटंही मोजली. जावईबापू अजून ती गोष्ट कामठीत चार लोकांत सांगतात आणि स्वतःच हसतात.

पण रुळावर हीच खोड कामाला आली होती. एकदा कडाक्याच्या थंडीत हातोडा मारला तर रूळ वेगळाच वाजला. खाली वाकून पाहतो तो केसासारखी चीर. थंडीने रूळ आखडला होता आणि वीस मिनिटांत एक्स्प्रेस येणार होती. टेकचंद लाल झेंडी घेऊन पळत सुटला. दुसऱ्यांदा एका मालगाडीखाली लोखंडी दांडा लोंबताना त्याच्या नजरेला पडला. तेव्हाही लाल. दोन्ही वेळा तो खरा निघाला. साहेबांनी दिलेलं प्रशस्तिपत्र घरात टीव्हीच्या वर काचेच्या चौकटीत होतं, आणि शकुनबाई दर दसऱ्याला ते पुसायची.

जानेवारीच्या एकतीस तारखेला तो निवृत्त होणार होता. चौतीस वर्षांत दोन लाल झेंड्या, दोन्ही खऱ्या. यापेक्षा जास्त काही त्याच्याजवळ नव्हतं आणि त्याला नकोही होतं. फक्त हे असंच अखेरपर्यंत न्यायचं, एवढीच त्याची इच्छा होती.

त्या रविवारी शकुनबाई कामठीहून लेकीकडून नव्या गाडीने परत आली आणि पदर खोचता खोचता सुरू झाली.

"अजी, काय गाडी आहे म्हणून सांगू! पंखे, बत्त्या, सारं बंदं नवं. अन् टेशन याच्या अगोदर बाई नाव सांगते."

"कोन बाई?"

"अंदरची."

"दिसली काय तुले?"

"दिसत नाही जी, आवाज येते."

"म्हणजे तठीबी माणूस नाही," टेकचंद म्हणाला.

"आता तुमच्यासाठी बाईले बाहेर काढून दाखवू काय? अन् थांबते असी का पोटातलं पाणी हालत नाही."

"तेच तं मी सांगून राहिलो! कायले हालत नाही? ब्रेक लागला तं झटका बसन, आवाज होईन, ठोकळा तापन. या गाडीचं काहीच नाही. ब्रेक थंडा आहे, शकुन. महिना झाला, रोज हात लावून पाहून राहिलो मी."

शकुनबाईने चहाचं आधण ठेवलं. मग तिने एक साधा प्रश्न विचारला. "मंग थांबते कशी?"

याच प्रश्नाने महिनाभर टेकचंदची झोप उडवली होती.

"आजपर्यंत थांबली," तो म्हणाला. "संक्रांतीले रुपाले म्हणजो, बसनं ये."

दुसऱ्या दिवशी तो सेक्शनच्या कार्यालयात गेला. अंकुश साहेब तिशीचा इंजिनीअर, टेबलावर नकाशे पसरून बसला होता. टेकचंदवर त्याचा जीव होता; नवा असताना याच माणसाने त्याला रूळ ऐकायला शिकवलं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हसू दाबत समजावून सांगितलं.

"टेकचंदभाऊ, या गाडीत ब्रेक मोटरनं लागते. ड्रायव्हरनं हँडल मागं घेतलं का मोटर उलटी राबते. फिरत्या चाकाची वीज बनवते, त्याच्यातच चाकाचा जोर मोडते, अन् ते वीज वरच्या तारेत वापस जाते. ठोकळे अगदी अखेरीले, गाडी मुंगीच्या चालीवर आली का लागते. म्हणून थंडे राहते."

टेकचंदने डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "म्हणजे चालाले वीज घेते, अन् थांबाले वापस देते."

"सारी नाही, पण देते."

"साहेब, घेतलेली वस्तू न मांगता वापस देनारा माणूस मी साठ वर्षांत एक पाहिला. तोबी बिमार होता."

अंकुश मोठ्याने हसला. "तुमी रूळ पाहा भाऊ. गाडी पाहाले शेडात लोक आहेत."

यात अंकुशचं काही चुकलं नव्हतं. पण टेकचंद बाहेर आला तो जास्तच संशय घेऊन. डोळ्याला दिसेल, नाकाला कळेल, हाताला पोळेल, असं काही साहेबाने सांगितलंच नव्हतं. सांगितलं ते तारेतलं, आणि तारेतलं कोणी पाहिलं आहे?

डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात धुकं पडलं. धान कापून झालेल्या बांध्यांमध्ये लाखोरी हिरवी पोपटी उगवली होती आणि तिच्यावर धुकं जाड गोधडीसारखं पसरलं होतं. नाल्याच्या पुलाअलीकडे योगेंद्र मेटची, म्हणजे मुकादमाची, गँग रुळाखालचे स्लीपर बदलत होती. तिथे गाड्यांनी हळू जावं म्हणून पाट्या लागल्या होत्या, ड्रायव्हरांना कागद मिळाले होते, योगेंद्र स्वतः शिट्टी घेऊन उभा होता. सगळं नियमाप्रमाणे होतं. टेकचंद आपली सहा किलोमीटरची फेरी करून परत येत होता आणि गँगपासून अर्धा किलोमीटर अलीकडे, वळणावर पोचला होता.

वळणाच्या आधी एक मोहाचं झाड आहे. पुढे काम चालू असलं की जुनी लोकल त्या मोहापासून ब्रेक दाबायची. ठोकळे चाकांना भिडायचे आणि असा चीत्कार उठायचा की पुलावरच्या गँगपर्यंत ऐकू जायचा. शिट्टी वाजो न वाजो, मोह ओरडला की माणसं हत्यारं उचलून बाजूला होत. वर्षानुवर्षांची सवय होती.

रूळ थरथरले. गाडी येत होती. टेकचंद बाजूला झाला आणि त्याने कान मोहाकडे लावला. धुक्यात आधी दोन दिवे दिसले. गाडी मोहाजवळ आली. आता वाजेल. गाडीने मोह ओलांडला. काही वाजलं नाही. दिवे मोठे होत होते. समोरून येणाऱ्या गाडीचा वेग धुक्यात कोणाला कळतो? टेकचंदने मागे वळून पाहिलं. गँग धुक्यात बुडाली होती. त्याला फक्त घणाचा आवाज आठवत होता, मघाशी ऐकलेला. अकरा माणसं, माना खाली घालून.

त्याने पिशवी फेकली, लाल झेंडी काढली आणि दोन्ही हातांनी डोक्यावर फडकवत तो गाडीच्या दिशेने धावत सुटला.

मग मात्र ब्रेक वाजला. असा वाजला की बांध्यांमधले बगळे उडाले. चाकांखालून धूर निघाला, जळक्या लोखंडाचा तो ओळखीचा वास धुक्यात पसरला आणि गाडी टेकचंदच्या पुढ्यात, वीस पावलांवर थांबली.

केबिनचं दार उघडून एक बाई खडीवर उतरली. पस्तिशीची असेल.

"काका, काय झालं? रूळ तुटला काय?"

टेकचंद तिला ओलांडून चाकापाशी गेला, उकिडवा बसला आणि रोजच्यासारखी पालथी बोटं ठोकळ्याला टेकवली. चर्रकन भाजली. त्याने हात मागे ओढला, क्षणभर बोटांकडे पाहिलं.

"लागते," तो म्हणाला. "ब्रेक लागते."

"लागते ना काका! काहून नाही लागन?"

"मोहाजवळ वाजला नाही."

त्या चालिकेला, रिता तिचं नाव, आधी काही कळेना. टेकचंदने तुटक तुटक सांगितलं: महिनाभर थंडा लागलेला ठोकळा, मोह, पुलावरची माणसं. ती ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावरची भीती हळूहळू ओसरली, आणि मग राग यायला हवा होता तो काही आला नाही.

"काका, मोहाच्या अगोदरपासूनच गाडी कमी करून राहिली होती मी. तुमी लाल दाखवली तेव्हा पंचवीसवर होती. मोटरनं कमी होते हे, आवाज होत नाही." मग ती म्हणाली, "आठ वर्षं झाले मले. असी लाल झेंडी पहिल्यांदा पाहिली. मले वाटलं, आता खाली नाला अन् वर मी."

योगेंद्र धापा टाकत पळत आला. गँग केव्हाच बाजूला झाली होती, त्याने शिट्टी मारली होती. धुक्यात ती वळणापर्यंत पोचली नव्हती. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. कोणाला ड्यूटी होती, कोणाला दवाखान्यात नंबर लावायचा होता. गाडी एकोणीस मिनिटं उभी राहिली. टेकचंद खडीवर उभा होता, भाजलेली बोटं मुठीत धरून. शरमेने त्याला मान वर करवत नव्हती, आणि तरीही महिन्याभराची त्याची धास्ती गेली होती. गाडीला ब्रेक होता.

चालती गाडी विनाकारण थांबवणं ही लहान गोष्ट नव्हे. दुपारी अंकुश साहेब मोटरसायकलवर थेट टेकचंदच्या घरी आला. शकुनबाईने पाट दिला, पण तो उभाच राहिला.

"भाऊ, उद्या लेखी द्या लागते. मी काय म्हणतो, ऐका. धुकं होतं. गाडीखाली काहीतरी लटकून दिसलं, असं लिहा. तुमची नजर बंद्यांले माहीत आहे. कोणी शंका नाही घेनार. तीस-पस्तीस दिवस राहिले तुमचे; चांगल्या नावानं जा."

"अन् गाडीचं काय होईन?"

"शेडात तपासतील. काही नाही सापडलं तं फाइल बंद."

साहेब गेल्यावर टेकचंद ओसरीत कागद घेऊन बसला. शकुनबाई समोर लाखोरीची भाजी निवडत होती. दोन ओळींचं काम, पण अर्धा तास झाला तरी पेन हलेना.

"लिहा ना जी," ती म्हणाली. "साहेब भल्याचं सांगून राहिले. कोन पाहाले गेलं?"

"शेडातल्या फिटरले विचारतील. तू काल गाडी तपासली, तं हे काय लटकलं? तो म्हणन, काहीच नव्हतं. त्याचं कोन ऐकन? माहं ऐकतील. दोन डाव खरा निघालो ना मी." त्याने दारातून टीव्हीच्या वरच्या चौकटीकडे पाहिलं. "अन् त्या गाडीवाल्या पोट्टीले विचारतील, तुले काहून नाही कळलं."

"ते पोट्टी आपली कोन होते?"

"कोनी नाही."

शकुनबाईला हा माणूस चाळीस वर्षं ठाऊक होता. जगावर शंका घेणारा, पण खोटं बोलताना तिने त्याला पाहिलं नव्हतं. तिला रडू आलं ते त्याच्यासाठी नाही, त्या चौकटीसाठी. दर दसऱ्याला तिनेच ती पुसली होती.

"तिसरी झेंडी खोटी निघाली, तं निघाली," टेकचंद म्हणाला. "चूक होती. चुकीची लबाडी नाही करत."

आणि त्याने भाजल्या बोटांनी, वाकड्या अक्षरांत लिहिलं: 'मी टेकचंद सोमाजी लांजेवार, चावीवाला. मोहाच्या झाडाजवळ मला ब्रेकचा आवाज आला नाही. ब्रेक लागत नाही असा मला महिनाभर संशय होता. म्हणून मी लाल झेंडी दाखवली. गाडीत काही बिघाड नव्हता. खाली काही लटकत नव्हतं. चालवणाऱ्या बाईंची चूक नाही. नंतर ठोकळा गरम होता. मी हात लावून पाहिला आहे.'

शिक्षा मोठी झाली नाही. ताकीद मिळाली आणि उरलेल्या दिवसांसाठी त्याला फेरीवरून काढून गँगच्या गुमटीवर, म्हणजे रुळांकडेच्या खोपीवर, हत्यारं सांभाळायला बसवलं. तुमसरकडून नवा चावीवाला आला. टेकचंदने त्याला पाना दिला, हातोडा दिला, लाल आणि हिरवी झेंडी घडी करून दिली. नव्या माणसाने सही केली आणि तो चालायला लागला. त्याने पहिली सैल चावी न ठोकताच ओलांडली, हे टेकचंदला बसल्या जागेवरून दिसलं. टेकचंद ओरडला तेव्हा कुठे तो मागे फिरला.

हॉल्टवरच्या टपरीवर लोकांना आयतंच सापडलं. "टेकचंदभाऊ, चहा गरम आहे का थंडा, हात लावून पाहा बरं!" टेकचंद चहा प्यायचा आणि निघून यायचा. शंका घेणाऱ्याची एक शंका खोटी निघाली की लोक त्याच्या साऱ्या खऱ्या शंका विसरतात.

गुमटी रुळांपासून तीस पावलांवर, विजेच्या नऊ नंबरच्या खांबासमोर होती. आत पहारी, फावडी, घण. बाहेर एक दगड. त्या दगडावर बसून टेकचंद दिवसभर हत्यारांना तेल पाजायचा. गाडी आली की सवयीने उठायचा, हात कमरेला जायचा आणि रिकामाच परत यायचा.

जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सकाळची मेमू नेहमीसारखी मुकाट येत होती, आणि सात नंबरच्या खांबाजवळ तिचा ब्रेक वाजला. चीं करून, चांगला वाजला. अकरा नंबरला बंद झाला. जळक्या लोखंडाचा वास दगडापर्यंत आला आणि गाडी पुढे निघून गेली.

टेकचंद ताडकन उठला. इथे पाटी नाही, सिग्नल नाही, काम नाही. मग ब्रेक लागला कशाला? ठोकळा चिकटला असणार. चिकटलेला ठोकळा तापतो, चाक तापतं, पुढचं सगळं त्याने मालगाड्यांत पाहिलं होतं. पण सांगायचं कोणाला? कोणत्या तोंडाने? साहेब म्हणतील, टेकचंदभाऊ, पुन्हा? त्याला दुपारी जेवणाचा डबा गोड लागला नाही. संध्याकाळी गाडी परत आली ती धडधाकट, मुकाट. मंगळवारीही मुकाट. बुधवारीही. गुरुवारी सकाळी पुन्हा वाजला.

येणारा-जाणारा बिघाड सगळ्यांत वाईट. टेकचंदने त्या रात्री शकुनबाईलाही काही सांगितलं नाही. सांगावं तर चूक, न सांगावं तर पाप, अशी त्याची गत झाली. रविवारी सकाळी तो दगडावर बसलाच नाही. थेट रुळाच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि डोळे ताणून बघत राहिला. गाडी आली. पाचव्या खांबाला मुकाट. सातव्याला वाजला. नवव्याला, त्याच्या समोर, वाजतच होता. अकराव्याला सुटला.

सात ते अकरा. प्रत्येक वेळी सात ते अकरा. गुमटीच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत.

टेकचंद तिथेच उभा राहिला. बिघाडाला खांब मोजता येत नाहीत. हे बिघाडाचं काम नव्हतं, माणसाचं होतं. आणि कोणत्या माणसाचं, हेही त्याला कळलं. त्याने लिहून दिलेला कागद कुठून कसा तिच्यापर्यंत पोचला असेल, हे मात्र त्याने कधी कोणाला विचारलं नाही. रिताची ड्यूटी असली की गाडी बोलायची, नसली की गप्प जायची. त्याने मफलरने डोळे पुसले. धुकं नव्हतं त्या दिवशी, तरी पुसले.

त्यानंतरचे पंधरा दिवस बरे गेले. ब्रेक वाजला की टेकचंद उभा राहायचा, वास छातीत भरून घ्यायचा आणि परत तेलाचं फडकं हातात घ्यायचा. संक्रांतीला रुपा नव्या गाडीनेच आली. त्याने तिला काही विचारलं नाही. ती उतरल्यावर डब्याकडे एकदा पाहिलं, इतकंच.

एकतीस तारखेला योगेंद्रने गँगतर्फे नारळ आणि शाल दिली. शकुनबाई नवं लुगडं नेसून गुमटीवर आली होती. सगळे मिळून टपरीवर चहाला जाणार होते. टेकचंदने पहारी मोजून दिल्या, गुमटीला कुलूप लावलं, ते तीनदा ओढून पाहिलं आणि किल्ली योगेंद्रच्या हातात ठेवली.

"चाला जी," शकुनबाई म्हणाली.

"थांब. गाडी येऊन राहिली."

सगळे थांबले. टेकचंद शाल सावरत रुळाजवळ गेला. दूर वळणावर मेमू दिसली. पाच नंबरचा खांब गेला. सात आला.

गाडी वाजली नाही.

नऊही मुकाट गेला. तिची ड्यूटी नव्हती आज. दुसरं कोणी होतं. चकचकीत डबे त्याच्या समोरून सरकत राहिले, बंद काचा, आवाज नाही, वास नाही. त्याला खालचं लटकणारं शोधायची सवय होती, त्याने शोधलं. काही लटकत नव्हतं. मग त्याने झेंडी नसलेला हात डोक्याच्या वर नेला आणि तसाच धरून ठेवला.

शेवटचा डबा आला. काळी काच आली आणि गेली. पलीकडून काही हललं की नाही, ते दिसलं नाही.

"कोनाले हात दाखवून राहिले जी?" शकुनबाईने मागून विचारलं. "कोनी दिसत तं नाही."

गाडी पुलावर पोचेपर्यंत टेकचंदने हात खाली घेतला नाही.

"अंदर माणूस असन," तो म्हणाला.